बाण एकत्र बसत नाहीत? नवा सेट घेण्याआधी टोक तपासा

नेम तोच, हात तोच, धनुष्यही तेच, तरी बाण पांगतात. सोलापुरात ऊन चढायला लागलं की मैदानावर ही तक्रार वाढते, आणि एप्रिल-मे मध्ये तर कुणी ना कुणी बाणांची ट्यूब घेऊन माझ्याकडे येतंच. पालक घाबरलेले असतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की सेट बदलावा लागेल. चांगल्या कार्बन बाणांचा डझन साध्या घराला परवडत नाही. म्हणून हे लिहितोय. बहुतेक वेळा सेट बदलावा लागत नाही.

पुढचं सगळं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य आणि कार्बन बाणांबद्दल आहे. डाव्या-उजव्याची भाषा उजव्या हाताने डोरी ओढणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी ती उलटी धरावी.

आधी लक्षणं बघा. तुमचं कोणतं ते नक्की करा:

एकच ठरावीक बाण दर फेरीत बाहेर जातो, बाकीचे जवळजवळ बसतात.
बाणांचे दोन ग्रुप पडतात, एक वर आणि एक खाली.
सगळे एकत्र बसतात, पण पिवळ्याच्या (मधल्या वर्तुळाच्या) एकाच बाजूला.
दर फेरीत वेगळाच बाण वेगळ्याच दिशेला जातो.
बाण उपसला की टोक बटमध्येच (बाण रुततात त्या जाड गादीतच) राहतं.
बाण शेपूट हलवत जातो आणि बटमध्ये तिरका रुततो.

यातलं तिसरं लक्षण असेल तर बाणांना दोष देऊ नका. सगळे बाण एकत्र बसतायत म्हणजे बाण सारखे आहेत. साईट सरकवा, उभं राहण्याची जागा बघा, झालं. चौथं लक्षण असेल तर निम्म्याहून जास्त वेळा कारण हात, बोटं किंवा थकवा असतं. ते प्रशिक्षकाला दाखवा. पण तेही बोलण्याआधी पुढच्या पहिल्या दोन तपासण्या करून घ्या, कारण सैल टोकही असंच वागतं.

बाणांना नंबर द्या

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मा उलगडा इथेच होतो. पर्मनंट मार्करने प्रत्येक बाणाच्या शाफ्टवर (लांब नळीवर), पिसांच्या जवळ, 1 पासून नंबर घाला. एका कागदावर फेस, म्हणजे लक्ष्याची रंगीत वर्तुळं, काढा आणि दर फेरीला कोणता नंबर कुठे बसला ते लिहा. पाच-सहा फेऱ्या पुरेत. त्या सकाळी लवकर मारा. दुपारनंतर आपल्याकडे माळावर वारा सुटतो आणि मग बाण काय करतोय आणि वारा काय करतोय हे वेगळं काढता येत नाही.

आमच्याकडे एका मुलीचे गुण अचानक घसरले. घरच्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन. कागद भरला तर चार नंबरचा बाण प्रत्येक फेरीत उजवीकडे खाली, लाल किंवा निळ्यात. बाकीचे पाच पिवळ्यात. मुलीचं काहीच चुकत नव्हतं. चार नंबरचं टोक किंचित वाकडं बसलेलं होतं, इतकं किंचित की हातात धरून दिसत नव्हतं, फिरवल्यावर दिसलं. तो बाण बाजूला ठेवला आणि त्याच दिवशी तिचे गुण परत आले.

टोक बघा, फिरवून आणि ओढून

बाणाचं टोक खाली तळहातावर टेकवा, दुसऱ्या हाताची दोन नखं शाफ्टभोवती सैल धरा आणि शाफ्टवर फुंकर मारून किंवा बोटाने तो गरकन फिरवा. टोक सरळ असेल तर तळहातावर नुसतं टोचल्यासारखं वाटतं. वाकडं असेल तर ते थरथरतं आणि ती थरथर हाताला लगेच कळते. मग टोक चिमटीत धरा, पिळून बघा, ओढून बघा. ते जरासुद्धा फिरलं तर सैल आहे.

ही तपासणी इतकी महत्त्वाची का, तर बाणाचं सगळ्यात जड टोक पुढे असतं आणि डोरी सुटल्यावर शाफ्ट त्या वजनाभोवतीच वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. पुढचं वजन वाकडं किंवा हलतं असेल तर प्रत्येक वेळी तो वेगळा वाकतो. मग मागच्या पिसांनी कितीही सावरलं तरी 70 मीटरवर फरक दिसणारच. तिथल्या 122 सेंटिमीटरच्या फेसवर दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं असतं.

आता सोलापूरचा खास मुद्दा. कार्बन बाणात टोक बहुधा हॉट मेल्टने बसवतात, म्हणजे गरम केलं की वितळणारा आणि गार झाला की घट्ट होणारा गोंद. त्याचा गुण तोच त्याचा दोष. इथे मे महिन्यात सावलीत पारा 40 ते 44 असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी, मैदानावरची पत्र्याची खोली, काळी ट्यूब, यांच्या आतलं तापमान त्याहून कितीतरी जास्त. गोंद मऊ होतो, टोक आतल्या आत किंचित फिरतं किंवा सरकतं, संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा घट्ट होतं, पण वाकडं. बाहेरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं सात-आठचा मारा करतं आणि बोलणी खातं. म्हणून बाणांची ट्यूब गाडीत ठेवू नका. मैदानावर झाडाखाली ठेवा, वर ओला टॉवेल टाका. आपला जाडसर सोलापुरी टॉवेल याला उत्तम, आणि बाण उपसताना पकड यावी म्हणूनही तोच कामाला येतो. बाण उपसताना फेसच्या अगदी जवळ धरा आणि सरळ रेषेत मागे ओढा. वरखाली हलवून काढला की टोक सैल होतं.

टोक आत राहिलं असेल तर पुढची फेरी मारण्याआधी ते शोधून काढा. त्याच जागी दुसरा बाण धडकला तर तोही जातो.

सैल किंवा वाकडं टोक परत बसवणं घरी जमतं. पाणी उकळा, बाणाचं फक्त टोक, शाफ्ट नव्हे, थोडा वेळ पाण्यात बुडवा आणि पक्कडीवर कापड गुंडाळून सरळ ओढा. कमी तापमानाला वितळणारा गोंद असेल तर एवढ्याने टोक सुटतं. शाफ्टच्या आतली भोकाची जागा स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग टोक पक्कडीत धरून त्याची पुढची बाजू मेणबत्तीच्या ज्योतीवर थोडी तापवा, मागच्या दांडीला गोंद फिरवून लावा आणि हळूहळू गोल फिरवत आत ढकला. बाहेर आलेला गोंद पुसा. गार झाल्यावर पुन्हा फिरवून बघा. थरथरत असेल तर परत तापवा आणि टोक अर्धा वळसा फिरवून बसवा.

शाफ्टला ज्योत कधीच लावायची नाही. कार्बनचे धागे रेझिनने धरलेले असतात. रेझिन जळलं तर बाण दिसायला अखंड राहतो आणि सुटताना फुटतो. झटपट चिकटणारा गोंद वापरून टोक बसवण्याचा उद्योगही करू नका. तो वाळल्यावर ठिसूळ होतो, बटवर आदळून तडकतो आणि टोक नीट निघतही नाही.

शाफ्ट स्वतः शाबूत आहे का

हे टोकानंतर लगेच करायचं आणि दर सरावाआधीही करायचं. बाण दोन्ही टोकांना धरा, तोंडापासून लांब, आणि बाहेरच्या बाजूला हलकासा वाकवा. थोडा फिरवा, पुन्हा वाकवा, कान देऊन ऐका. कुरकुर ऐकू आली तर तो बाण संपला. मग कापसाचा बोळा पूर्ण शाफ्टवरून फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे कार्बनचा धागा उचकटलाय. असा बाण पोरांच्या हाताला लागणार नाही अशा रीतीने मोडून टाका. "अजून एक-दोन दिवस चालेल" असं पालक म्हणतात. नाही चालणार. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

नॉक

शाफ्टच्या शेवटी प्लास्टिकचा जो खाचेचा तुकडा असतो तो नॉक. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात दुर्लक्षित. बाण डोरीला लावा, टोक जमिनीकडे ठेवून लोंबू द्या. बाण पडता कामा नये. आता नॉकपासून इंचभर अंतरावर डोरीला बोटाने टिचकी मारा, बाण सुटून पडला पाहिजे. टिचकीनेही पडत नसेल तर खाच घट्ट आहे, आणि आधीच पडत असेल तर सैल. घट्ट नॉक डोरी सोडताना अडखळतो, त्यामुळे बाण वर-खाली जातात. सैल नॉक पूर्ण ओढीत डोरीवरून निसटला तर धनुष्य रिकामं सुटल्यासारखं होतं आणि लिंब (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) तडकू शकतात. हजारोंचं नुकसान एका छोट्या प्लास्टिकपायी.

सेटमधल्या एका बाणाला वेगळ्या कंपनीचा नॉक लावलेला असतो, हेही वारंवार सापडतं. एकावर घट्ट, दुसऱ्यावर सैल. सगळे एकसारखे करा. उन्हात धरून खाचेच्या मुळाशी केसासारखी चीर दिसतेय का बघा. दिसली की फेका.

पिसं

हे पटकन उरकतं. एखादं व्हेन (प्लास्टिकचं पीस) सुटलंय, फाटलंय किंवा उडताना कुठे घासतंय का? घासण्याचा संशय असेल तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) आणि रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या दांड्याच्या) आजूबाजूला टाल्कम पावडर मारा, बाण सोडा, पावडरमध्ये ओरखडा कुठे उमटला ते बघा. ओरखडा दिसला तर नॉक किंचित फिरवा, म्हणजे पिसं वेगळ्या कोनात जातील.

वजन: सराफाकडे जा

दोन ग्रुप पडतात, एक वर एक खाली, हे दुसरं लक्षण आठवा. त्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा वजन, असं मी म्हणणार नाही, पण पहिला संशय वजनाचाच घ्यावा.

टोकांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. 100 ग्रेन म्हणजे साधारण 6.48 ग्रॅम. रिकर्व्हच्या बऱ्याच टोकांची मागची दांडी खाचांची असते, पक्कडीने एक तुकडा मोडला की 10 ग्रेन कमी होतात. 120 चं टोक 110 करता येतं, 110 चं 100. मोडलेला तुकडा परत लावता येत नाही. आणि गडबड इथेच होते. सेट घेताना कुणी सहा टोकांचे तुकडे मोडतं, नंतर दोन बाण हरवतात, बदली टोकं येतात आणि ती न मोडता बसवली जातात. शाफ्टच्या आत गेल्यावर टोकाचं वजन बाहेरून कळायचा प्रश्नच नाही. सगळी सारखीच चकाकतात.

घरच्या किचनच्या काट्यावर हा फरक नीट दिसत नाही. 10 ग्रेन म्हणजे फक्त 0.65 ग्रॅम. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा सराफाकडे असतो. ओळखीच्या सराफाकडे दुपारी गर्दी नसताना जा आणि पूर्ण बाण एकेक करून ठेवायला सांगा. नंबर आणि वजन लिहून घ्या. आमच्या एका मुलाच्या सेटमध्ये चार बाण एका वजनाचे आणि दोन बाण साडेसहा-सातशे मिलिग्रॅमने जड निघाले. सराफालाच पहिल्यांदा लक्षात आलं, तो म्हणाला, "हे दोन वेगळे हायत की वो, बाकीच्यांशी जुळत नाहीत." ते दोन बाण कागदावर खालच्या ग्रुपमधलेच होते. टोकं काढून एकेक तुकडा मोडला आणि दोन्ही ग्रुप एक झाले.

जड टोकाचा बाण थोडा सावकाश जातो, म्हणून खाली बसतो, एवढंच नाही. टोक जड झालं की सुटताना शाफ्ट जास्त वाकतो, म्हणजे तोच बाण मऊ असल्यासारखा वागतो. टोक हलकं केलं की ताठ असल्यासारखा. त्यामुळे वजनातला फरक वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्हीकडे दिसतो. सेटमधले बाण एकमेकांपासून एक-दोन ग्रेनच्या आत असावेत.

वजन जुळलं की तोलही बघा. बाण बोटावर आडवा तोलून नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंत अंतर मोजा. समजा बाण 28 इंचांचा आहे आणि तोल 18 इंचांवर येतो. निम्मं म्हणजे 14. फरक 4, त्याला 28 ने भागलं की 14 टक्के. रिकर्व्हच्या कार्बन बाणाला 11 ते 16 टक्के ठीक. त्याहून कमी असेल तर वाऱ्यात बाण भरकटतो.

रुंद पात्यांची टोकं मागवू नका

हे मध्येच सांगतो, कारण व्हिडिओ बघून कॉलेजची पोरं हाच प्रश्न विचारतात. "सर, ते पात्यांचं टोक लावलं तर बाण सरळ जाईल का?" अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार कायद्याने परवान्यावर होते. तिथले शिकारी 100 किंवा 125 ग्रेनची पात्यांची टोकं वापरतात, काही पाती पक्की, काही आदळल्यावर उघडणारी. आणि त्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच असते की ही टोकं सरावाच्या टोकांच्या जागी बसत नाहीत. पुढची पाती लहान पंखांसारखं काम करतात. टोक केसभर वाकडं असलं तरी वारा त्या पात्यांना धरून बाण वळवतो. म्हणून तेही टोक फिरवून थरथर बघतात, मोठी पिसं लावतात, धनुष्य नीट ट्यून करतात. म्हणजे वर सांगितलेलंच सगळं, आणखी काटेकोरपणे. बाण सरळ जात नाही यावर पात्यांचं टोक हा उपाय नाही, त्याने दोष वाढूनच दिसतो.

आपल्याकडे तर त्याचं कामच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या जिल्ह्यात हे कुणाला वेगळं सांगावं लागू नये. पाती बटच्या चिंध्या करतात, उपसताना हात कापतात, आणि बटचं अवास्तव नुकसान करणारं टोक स्पर्धेतही चालत नाही. क्लबच्या मैदानावर ती आणूच नका.

धनुष्याकडे वळा, पण आत्ताच

बाण सगळे सारखे, सरळ, शाबूत आहेत हे पक्कं झाल्यावरच. आधी ब्रेस हाइट मोजा, ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून डोरीपर्यंत. 68 इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते सव्वानऊ इंच असते, पण तुमच्या धनुष्याबरोबर आलेला कागद बघा. नवी डोरी ताणली जाते, पीळ सुटतो, आकडा कमी होतो. डोरी उतरवून पीळ वाढवला की तो परत येतो. लिंबचे बोल्ट, रेस्ट आणि बटन (रेस्टजवळ बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी) हलत नाहीत ना तेही बघा.

मग बिनपिसाची चाचणी. तीन बाण पिसांचे आणि दोन बाण पिसं काढलेले, 18 ते 20 मीटरवरून, एकाच नेमाने. पिसं नसलेला बाण स्वतःला सावरू शकत नाही, म्हणून जे खरं आहे तेच दाखवतो. तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे बसला तर बाण तुमच्या धनुष्याला ताठ पडतोय: बटनची स्प्रिंग थोडी सैल करा किंवा 10 ग्रेन जड टोक लावून बघा. उजवीकडे बसला तर मऊ पडतोय: स्प्रिंग कडक करा किंवा टोक हलकं करा. वर बसला तर डोरीवरचा नॉकिंग पॉइंट (नॉक लावायची जागा) वर सरकवा, खाली बसला तर खाली. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा.

वाढत्या वयाच्या मुलांमध्ये "मऊ" हेच उत्तर जास्त येतं. मूल उंच झालं, ओढ लांबली, वर लिंबही जड घेतले, बाण मात्र दोन वर्षांपूर्वीचे. तेव्हा टोक हलकं करून काही महिने निघतात, मग खरोखरच जास्त ताठ शाफ्ट लागतो. स्पाइनचा, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचा, आकडा जितका कमी तितका शाफ्ट ताठ: 500 चा 600 पेक्षा ताठ. नवा सेट घेण्याची रास्त वेळ हीच.

इथे थांबा

लिंबवर चीर, सोललेला थर किंवा पीळ दिसला तर धनुष्य ओढूसुद्धा नका. डोरी उतरवा आणि प्रशिक्षकाला दाखवा.

कंपाउंड (चाकांच्या) धनुष्याची केबल झिजलीय, कॅम (ती चाकं) पुढेमागे होतायत, डोरी बदलायचीय: घरी हात लावू नका. त्याला बो प्रेस, म्हणजे लिंब दाबून धरणारं यंत्र, लागतं. लिंब दाबलेल्या अवस्थेत असतात आणि ती ताकद सुटली तर बोटं, डोळे जातात. इथे तसा माणूस नसेल तर पुण्याला पाठवा, पण मोबाईलवर बघून उघडू नका.

हातात कार्बनची कुसळ गेली तर सुईने उकरू नका. ती आत तुटते, तुकडे राहतात. स्वच्छ कापड बांधून डॉक्टरकडे जा आणि कार्बन आहे हे त्यांना सांगा.

बाण, टोक, धनुष्य सगळं ठीक आणि मुलाचा खांदा किंवा कोपर दुखतोय, तर वजन वाढवायचं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि सगळं करूनही नवे बाण घ्यायचेच झाले, तर दुकानात जाताना हे लिहून न्या: मुलाची ओढ किती इंच, त्या ओढीला बोटांवर किती पाउंड येतात, आत्ताच्या बाणाची लांबी, स्पाइन, टोकाचे ग्रेन, आणि बिनपिसाचा बाण कुठे बसला. बाण कापून आखूड करता येतो, लांब करता येत नाही, म्हणून पहिल्यांदा इंचभर लांबच ठेवायला सांगा. बिलावर टोकाचे ग्रेनही लिहून घ्या. पुढच्या वर्षी दोन बाण हरवतील तेव्हा तोच आकडा लागेल.